दोघींनी जायचं

तिला सगळे घडीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं आणि ते तिथेच राहिलं. रुग्णालयाच्या धुलाईघरात बत्तीस वर्षं चादरींच्या घड्या घालून हातांना अशी सवय जडली होती की समोर येईल त्याची घडी पडायची. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, दुकानातला कागद, काही म्हणून सुटत नसे. नवरा म्हणायचा, "मी एका जागी जरा जास्त वेळ बसलो ना, तर ही माझीही घडी घालून कपाटात ठेवेल." सून हसायची, मावशी पण हसायची, आणि हसता हसता हातातल्या पिशवीची चार पदरी घडी करून टाकायची.

धुलाईघर रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होतं. एका दाराने वॉर्डातली मळकी गाठोडी आत यायची, त्यात काय काय असेल ते विचारू नये. दुसऱ्या दाराने पांढरेशुभ्र गठ्ठे बाहेर जायचे. धुण्याची आणि पिळण्याची यंत्रं पुरुषांकडे, चादरींना इस्त्री करणारे गरम रूळ आणि घड्यांची टेबलं बायकांकडे. रुळातून निघालेली चादर एकीच्या हाताने आवरत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन दोन कोपरे धरतात, झटकतात, चालत एकमेकींजवळ येतात, एकीच्या हातातली कड दुसरीच्या हातात जाते, पुन्हा मागे. असं दिवसातून चारशे वेळा. म्हणून तिथे प्रत्येकीला जोडीदारीण होती, आणि ज्या दोघी घडी घालतील त्याच दोघींनी गठ्ठे ढकलगाडीवर लादून तळघरातल्या कापडकोठारात पोचवायचे, असा नियम होता. नियम मुकादम म्हणून घडीमावशीनेच घातलेला. जावक वहीत प्रत्येक खेपेपुढे दोन नावं हवीतच. एक नाव दिसलं की मावशीचा पारा चढायचा.

का दोघींनी, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, "गाडी जड असते. उतारावर एकीला आवरत नाही." हे काही खोटं नव्हतं. गाडी जडच होती. पण नियम गाडीसाठी नव्हता, कोठारसाहेबांसाठी होता.

कोठारसाहेब म्हणजे कापडकोठाराचे प्रमुख. गोड बोलणारा, कपाळावर आठी नसलेला माणूस. बाई दिसली की "ये बाळ" म्हणणार, घरच्यांची चौकशी करणार, कुणाच्या आजारी सासूला जुनी चादर लागली तर हळूच काढून देणार. अख्खं रुग्णालय त्यांचं नाव काढायचं. कोठारात मात्र उंच मांडण्या होत्या, मांडण्यांच्या मधे अरुंद बोळ होते, आणि गठ्ठे आत नेऊन लावून द्यायची पद्धत होती. मावशी अठ्ठावीस वर्षांची असताना, कामाला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा, एकदा एकटीच गठ्ठे घेऊन गेली. शेवटच्या बोळात कोठारसाहेबांनी तिला भिंतीशी दाबून धरलं. त्या वेळी ते साहेब नव्हते, साधे मदतनीस होते. ती सुटून आली ती कशी आली ते तिला आठवत नाही. तेव्हाच्या मुकादमबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तोंड धुऊन घे. आणि पुन्हा एकटी जाऊ नकोस." मावशीने तोंड धुतलं. घरी काही बोलली नाही. नवऱ्याला वाटलं, कामाचा शीण असेल.

पुढे ती स्वतः मुकादम झाली आणि पहिल्या आठवड्यातच तिने जोड्या लावल्या. त्यानंतर बावीस वर्षं तिच्या हाताखालच्या एकाही बाईला त्या माणसाचा हात लागला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता. तो कुणाला सांगता येत नव्हता म्हणून जरा जास्तच होता. वॉर्डातल्या आया त्याच कोठारात एकेकट्या जात. त्यांचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि माझ्या हाताखालच्या नाहीत म्हणून तिने तो सोडून दिला होता. मावशीची बाजू घेऊन बोलायचं म्हटलं तरी एवढं सांगावंच लागेल.

धुलाईघराच्या दारामागे एक फलकही होता. कामाच्या जागी बाईमाणसाला कुणी त्रास दिला तर कुणाकडे तक्रार करायची त्यांची पाच नावं त्यावर होती. त्यातल्या दोघी निवृत्त झाल्या होत्या आणि एक वारली होती. आत वाफ कोंडू नये म्हणून दार दिवसभर उघडं असायचं, त्यामुळे फलक भिंतीकडे तोंड करून असायचा. वर्षातून एकदा सगळ्यांना सभागृहात बसवून पडद्यावर चित्रं दाखवत, बिस्किटं वाटत आणि समजलं म्हणून सह्या घेत. कोठारसाहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे.

या अशा जागी ती मुलगी कामाला लागली. बावीस वर्षांची, तात्पुरत्या भरतीतली. घरी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. उंच एवढी की वरच्या फळीवरचे गठ्ठे स्टुलाशिवाय काढायची, म्हणून दुसऱ्याच दिवशी बायकांनी तिचं नाव शिडी ठेवलं. ती रागावली नाही. उलट म्हणाली, "चालेल, पण चढायचं नाही हं कुणी." मावशीला ही पोर पहिल्या भेटीतच आवडली. मावशीला मुलगी नव्हती. डबा उघडला की पहिला घास तिच्या पुढ्यात सरकवायचा, असं सुरू झालं.

शिडीला एकच खोड होती. प्रत्येक गोष्टीत तिला 'का' लागायचं. हिरव्या चादरी वेगळ्या का, रूळ एवढा गरम का, दोघींनी का जायचं?

"गाडी जड असते," मावशी म्हणाली.

"मला नाही लागत जड."

"नियम आहे. तू मुकादम झालीस की बदल." बायका हसल्या आणि विषय तिथेच संपला. मावशीच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, पण यंत्रावरचा माणूस जवळ उभा होता. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. नंतर किती तरी दिवस दोघी एकत्र जेवल्या, पण हा विषय काढायला तिची जीभ रेटली नाही. असलं काही तोंडाने बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हेच तिला माहीत नव्हतं.

शिडीची जोडीदारीण म्हणून मावशीने दिलेली बाई म्हणजे रेडिओ. सकाळी आत पाऊल टाकल्यापासून संध्याकाळी कार्ड लावेपर्यंत तिचं तोंड बंद नसे, म्हणून रेडिओ. तिचा नवरा अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्यापायी दांड्या होत. कार्यालयाने तिला दोनदा लेखी ताकीद दिली होती, तिसऱ्यांदा थेट घरी पाठवतील असं सांगितलं होतं.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. नवरा पलंगावरून खाली पडला होता. रेडिओने मावशीचा हात धरला. "मावशी, कार्ड लावलंय मी. तेवढं सांभाळाल?"

"जा तू. बघते मी."

यात कुणाला वावगं वाटलं नाही. तिथल्या बायका एकमेकींसाठी एवढं करतच आल्या होत्या.

दोन वाजता शस्त्रक्रिया विभागाचा निरोप आला. अपघाताची माणसं आली होती, हिरव्या चादरी लगेच कोठारात पोचवायच्या होत्या. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. म्हणजे गाडी लांबच्या उतारावरून न्यायची. मावशीचे गुडघे दोन दिवस सुजलेले होते, पण तिने शिडीला सांगितलं, "थांब, मी येते तुझ्याबरोबर. रुळात चादर अडकलीय तेवढी सोडवते." चादर सोडवून ती परत आली तर गाडीही नव्हती आणि शिडीही नव्हती.

यंत्रावरचा माणूस म्हणाला, "गेली ती. म्हणाली, मावशींना कशाला चालवायचं उतारावर, आलेच मी."

मावशी उताराकडे वळली. मग तिने स्वतःची समजूत घातली. अपघाताची गडबड आहे, कोठारात आज माणसांची ये-जा असेल, भर दुपार आहे. तिने जावक वही उघडली. शिडीने गोल अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. शेजारची जागा रिकामी होती. मावशीने पेन उचललं आणि तिथे रेडिओचं नाव लिहिलं. रेडिओची हजेरी दिसायला हवी होती आणि खेपेला दोन नावं हवी होती. एका नावात दोन्ही कामं झाली. तिला त्यात चूक वाटली नाही, उलट वही नीट झाल्यासारखी वाटली. मग ती उठून उताराच्या तोंडापर्यंत गेली, आणि गुडघा धरून वाट बघत उभी राहिली.

शिडी पंचवीस मिनिटांनी आली. गाडी आणली नव्हती. कुणाकडे न बघता ती टेबलाशी गेली, एक चादर उचलली आणि एकटीच घडी घालू लागली, एक कड हनुवटीखाली धरून. तिच्या बाहीची शिवण खांद्याशी उसवली होती. मावशीला काही विचारावं लागलं नाही. ती जवळ गेली, आणि तिच्या तोंडून निघालं, "तोंड धुऊन घे."

शिडीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती आणखी काही ऐकायला थांबली होती. मावशीने चादरीचे दुसरे दोन कोपरे उचलले.

पण शिडी मावशीसारखी नव्हती. तिने घरी जाऊन आईला सांगितलं, तीन दिवस रडली आणि सोमवारी दोन पानांचा टंकलेला अर्ज तक्रार समितीकडे दिला. धुलाईघरात एकच कुजबुज झाली. धाडस आहे पोरीचं, असं म्हणणाऱ्या होत्या, आणि आता हिचं लग्न कसं होणार, असं म्हणणाऱ्याही होत्या. रेडिओ मात्र त्या दिवसापासून गप्प झाली. अर्जातला दिवस कुठला ते तिला कळलं होतं.

समिती तिसऱ्या मजल्यावर बसली. अध्यक्ष एक डॉक्टरबाई, बरोबर कार्यालयाचे अधीक्षक आणि बाहेरच्या एका संस्थेतली बाई. डॉक्टरबाई मनाने वाईट नव्हत्या, त्यांनी शिडीचं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग कोठारसाहेब आले. धुलाईघरातून मागवलेली जावक वही ते दोन्ही हातांवर धरून घेऊन आले होते.

"मी मुलीला दोष देत नाही," ते म्हणाले. "लहान आहे. पण ती म्हणते एकटी होते, आणि वही म्हणते दोघी होत्या. धुलाईघराचा बावीस वर्षांचा नियम आहे, एकटीला पाठवतच नाहीत. विचारा मुकादमबाईंना."

आधी रेडिओला बोलावलं. त्या दिवशी मी घरी होते असं म्हटलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की नवऱ्याचं औषध गेलं. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "होते मी बरोबर. काही झालं नाही."

मग मावशी. शिडी समोरच्या खुर्चीत बसली होती. मावशी आत आल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला, आपलं माणूस आल्यासारखा.

"तुमच्याकडे एकटीला पाठवतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही बाई. एकटीला कधीच पाठवत नाही."

"वहीत नावं कोण लिहितं?"

"मीच बघते ते."

"मग त्या दिवशी दोघी गेल्या होत्या?"

निवृत्तीला तीन महिने राहिले होते. रेडिओचं घर डोळ्यांसमोर होतं. पण खरं सांगायचं तर या दोन्हींपेक्षा मोठी भीती तिसरीच होती. दोघी का पाठवता, असा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर देताना तिला तो शेवटचा बोळ या लोकांसमोर उघडा करावा लागला असता. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि या अधीक्षकांना सांगायचं?

"वहीत आहे तसंच," ती म्हणाली.

शिडी तिच्याकडे बघत राहिली. मावशीने पुन्हा त्या खुर्चीकडे पाहिलं नाही.

आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. शिडीला एक पत्र मिळालं. खोट्या तक्रारीने चांगल्या माणसाचं नाव खराब होतं, पुढे काळजी घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं. महिनाअखेरीला तिची मुदत संपली आणि ती वाढवली नाही. शेवटच्या दिवशी तिने एप्रन काढून टेबलावर ठेवला, सगळ्यांना "येते" म्हणाली, मावशीला वेगळं काही म्हणाली नाही. रेडिओ न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

त्यानंतरचे दिवस मावशीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घरी डब्यातलं अन्न तसंच परत यायचं. सून म्हणाली, "आई, डॉक्टरला दाखवू या." मावशी म्हणायची, गुडघे दुखतात. रात्री मिटल्या डोळ्यांपुढे ती वही यायची आणि आपलंच अक्षर दिसायचं.

एका सकाळी ती गठ्ठे घेऊन जोडीने कोठारात गेली. कोठारसाहेब खिडकीशी चहा पीत होते. जोडीदारीण जरा पुढे गेल्यावर ते हसून म्हणाले, "मावशी, तुमच्या नियमाने माझी लाज राखली हो. बावीस वर्षं जोड्या लावल्यात, शेवटी माझ्याच कामी आल्या."

म्हणजे या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, जोड्या कशासाठी आहेत. इतकी वर्षं तिला वाटत होतं आपण त्याला गुपचूप अडवलंय. तो सगळं समजून स्वस्थ बसला होता, जी एकटी सापडेल तिची वाट बघत.

"आणि हो," ते कप खाली ठेवत म्हणाले, "त्या मुलीच्या जागी नवीन बाई कधी येतेय?"

मावशी धुलाईघरात आली आणि मोरीवर वाकून ओकली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

त्या संध्याकाळी सून भाजी आणायला गेली असताना ती नवऱ्याला म्हणाली, "टीव्ही बंद करा जरा." आणि मग तीस वर्षांपूर्वीचं, गुरुवारचं, वहीचं, समितीचं, सगळं सांगितलं. सांगताना तिने मांडीवरच्या टॉवेलला हातसुद्धा लावला नाही. नवरा निवृत्त यंत्रकामगार होता, बोलण्यात चलाख होता, घरात सगळ्यांची टिंगल करायचा. त्याने हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"नोकरीवर गदा येईल. पेन्शन अडकेल कदाचित."

"ते मी नाही विचारलं. येऊ का?"

"या. पण खाली थांबा."

सकाळी आधी ती रेडिओच्या घरी गेली. दोन खोल्या, पुढच्या खोलीत नवऱ्याचा पलंग. रेडिओ त्याला चमच्याने भरवत होती. मावशीचं बोलणं ऐकून तिच्या हातातला चमचा वाटीत पडला.

"मावशी, माझं काय होईल? यांना बघणारं दुसरं कोण आहे?"

"हजेरी मी सांभाळली, नाव मी लिहिलं, तू मला लिही म्हणाली नव्हतीस. मी तसंच सांगणार आहे. तू फक्त खरं बोल."

"एकदा खोटं बोलून बसलेय मी. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी ज्या तोंडाने चाललेय त्याच."

पलंगावरचा नवरा काही तरी बोलायचा प्रयत्न करत होता. अर्धांगाने त्याची जीभ जड झाली होती. रेडिओने कान जवळ नेला. "जा म्हणतायत," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसू लागली.

नवरा ठरल्याप्रमाणे खाली थांबला. डॉक्टरबाईंच्या खोलीत मावशी उभीच राहिली. बसा म्हटल्यावरही बसली नाही, बसले तर उठता येणार नाही असं तिला वाटत होतं. "बाई, वहीतलं दुसरं नाव मी लिहिलंय. मुलगी एकटीच गेली होती. माझे गुडघे दुखतात म्हणून गेली. ती बोलली ते खरं होतं."

"तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर खाली नव्हता?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी तीस वर्षांपूर्वी होते," मावशी म्हणाली, आणि मग थांबली नाही.

रेडिओने आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण केलं. "मी तिथे नव्हते. घरी होते." पुढच्या आठवड्यात वॉर्डातल्या दोन आया आपणहून आल्या. त्यातली एक परवापरवा कामाला लागलेली होती. समिती पुन्हा बसली. कोठारसाहेब आधी निलंबित झाले, मग काढून टाकले गेले. ते गेले त्या दिवशीही काहीजण म्हणत होते, बिचारे, किती प्रेमळ होते. रेडिओला तिसरी ताकीद मिळाली, तिचं काम बदललं, पण नोकरी राहिली. मावशीवर वहीत खोटं लिहिल्याचा ठपका आला आणि तीही निलंबित झाली. निवृत्तीचा दिवस तिने घरीच काढला. निरोप नाही, फुलं नाही, बत्तीस वर्षांनंतर एक टपाल आलं. तिला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला, पण हे आपल्याला चुकणार नव्हतं हे तिला कळत होतं.

डॉक्टरबाईंनी शिडीला नवं पत्र पाठवलं. त्यात माफी होती, परत कामावर या असंही होतं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं, त्यालाही नाही. तेव्हा मावशी स्वतः निघाली. पोर परत यावी, निदान एकदा तरी आपल्याशी बोलावी, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

चौथा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून ती वर पोचली. दार आईने उघडलं. "मी धुलाईघरातली," मावशी म्हणाली. आईचा चेहरा आक्रसला. ती आत वळून म्हणाली, "तुझ्याकडे आल्यात," आणि बाजूला झाली.

शिडी बाहेर आली. वाळली होती, केस आखूड कापले होते. मावशीला आत या म्हणाली नाही.

"पत्रं मिळाली मला," ती म्हणाली. "मी येणार नाही. दुसरं काम बघतेय."

"तो गेला गं आता. काढून टाकला त्याला."

"कळलं. तुम्ही सांगितलंत म्हणे."

"हो. उशिरा सांगितलं."

खालच्या मजल्यावर कुणी तरी पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता. शिडी चौकटीला टेकून उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना, तो कसा आहे ते?"

"हो."

"किती वर्षं?"

"तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंत? एवढंच म्हणायचं होतं, तो माणूस वाईट आहे, एकटी जाऊ नकोस. दोन वाक्यं. मी गेलेच नसते हो."

मावशीने येताना मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. यंत्रावरचा माणूस जवळ होता, नंतर सांगणार होते, रेडिओचं घर, निवृत्ती, सगळं. ते सगळं बाजूला राहिलं.

"लाज वाटली गं," ती म्हणाली.

"मलाही वाटत होती," शिडी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या खोलीत सगळ्यांसमोर सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. तरी मी सांगितलं. वाटलं, आता मावशी येतील, त्या सांगतील."

मावशीने कठड्याला धरलं आणि ती वरच्या पायरीवर बसली. तिला रडू फुटलं. तीस वर्षांपूर्वी तोंड धुऊन आत ढकललेलं सगळं बाहेर आलं, परक्या इमारतीच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. शिडी दारात उभी होती. तिने दार लावलं नाही, आणि ती मावशीच्या जवळही आली नाही.